अंगण आणि कुरण : बोर्डी-कोसबाड येथील मुक्त वर्गांचा इतिहास

बालशिक्षणाच्या चर्चेत 'निसर्गाच्या सान्निध्यातील शिक्षण' हा शब्दप्रयोग इतक्या सैलपणे केला जातो की, परस्परांशी फारसे नाते नसलेल्या गोष्टी त्याखाली सहज एकत्र नांदू लागतात. फ्रोबेलची बाग, शांतिनिकेतनातील झाडाखालचे वर्ग, जर्मनी व डेन्मार्क येथील वनबालवाड्या आणि अलीकडे शहरी शाळांच्या माहितीपत्रकांत झळकणारे 'नैसर्गिक क्रीडांगण', ही सारी एकाच परंपरेची अपत्ये आहेत असे गृहीत धरले जाते. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांनी ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या) किनारपट्टीवर व डोंगरपट्टीवर उभ्या केलेल्या अंगणवाडीला आणि कुरणशाळेलाही बहुधा याच माळेत ओवले जाते. तसे करण्यात या दोघींचा गौरव होतो हे खरे, परंतु त्यांनी नेमके काय केले ते मात्र झाकले जाते. बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाने मुलाला निसर्गाकडे नेले नाही. मूल तेथेच होते. त्याच्यापर्यंत शाळा पोहोचत नव्हती, ती नेली गेली. हा फरक शब्दांचा नसून इतिहासाचा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

युरोपातील पूर्वपीठिका

फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. या नावातील बाग केवळ रूपकाची नव्हती. प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असावा आणि त्या वाफ्यांभोवती सर्वांच्या सामाईक जमिनीचा वेढा असावा, अशी त्याची आखणी होती. व्यक्ती समष्टीच्या कुशीत वाढते हे तत्त्व मुलाला मातीतूनच कळावे असा त्यामागील हेतू. प्रशियाच्या सरकारला मात्र या बागेत नास्तिकतेचा व समाजवादाचा वास आला आणि १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घालण्यात आली. ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल १८५२ मध्येच निवर्तला होता.

मारिया मॉन्तेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या १९०९ मधील मूळ ग्रंथात वनस्पती व प्राणी यांच्या संगोपनावर स्वतंत्र प्रकरण आहे. पेरलेले बी उगवेपर्यंत वाट पाहणे आणि तहानलेल्या रोपाला पाणी घालण्याची आठवण ठेवणे यांतून मुलाच्या ठायी दूरदृष्टी व धीर येतो, असे त्या मांडतात. पुढे त्यांच्या पद्धतीची ओळख लाकडी ठोकळे, मनोरे आणि दट्ट्यापेट्या यांच्यापुरतीच उरली आणि हे प्रकरण काहीसे मागे पडले. १९०४ मध्ये बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी वनशाळा निघाली होती. १९१४ मध्ये मार्गारेट व रेचेल मॅकमिलन या भगिनींनी लंडनमधील डेप्टफर्ड या गलिच्छ वस्तीत खुली शिशुशाळा उभारली. कोंदट खोल्यांतून वाढलेल्या आणि मुडदुसाने पछाडलेल्या मुलांना ऊन, हवा, अंघोळ व पोटभर अन्न देणे हे तिचे पहिले कार्य होते.

सान लोरेंझो असो वा डेप्टफर्ड, तपशील निराळे असले तरी या साऱ्यांमागील निदान एक आहे. औद्योगिक नगराने मुलापासून काहीतरी हिरावून घेतले आहे आणि शाळेने ते परत द्यावयाचे आहे. २००५ मध्ये रिचर्ड लूव्ह या अमेरिकन लेखकाने मुलांमधील 'निसर्गाची उणीव' ही कल्पना लोकप्रिय केली, तीही याच निदानाची आजची आवृत्ती होय. उणीव असेल तेथे हा उपचार योग्यच आहे. प्रश्न उणीव नसलेल्या मुलांचा आहे.

भावनगर, दादर आणि मग बोर्डी

भारतात या विचाराची पहिली रुजवण शहरांतच झाली. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात काढलेली शाळा शहरापासून दूर होती हे खरे, पण ती मुख्यतः शहरातील सुशिक्षित घरांतून आलेल्या मुलांसाठी होती आणि ती मुले लहानग्यांच्या वयाची नव्हती. शिशुशिक्षणाचा पाया घातला तो वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी, भावनगर येथे १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू करून. ताराबाई १९२३ च्या सुमारास त्यांना जाऊन मिळाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर आणि राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव असलेल्या या बाईंनी गिजुभाईंसमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे दादर येथे त्यांनी शिशुविहार उभे केले. मराठी मध्यमवर्गाला मॉन्तेसरी पद्धतीची ओळख झाली ती बहुतांशी या मार्गाने.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. शिशुविहारातील साधने, छोट्या खुर्च्या, नीटनेटका वर्ग हे सारे उत्तम होते आणि खर्चिकही होते. गिजुभाईंनी व ताराबाईंनी मॉन्तेसरी पद्धतीचे भारतीयीकरण केले असे म्हटले जाते. गाणी, गोष्टी, नाट्य यांच्या बाबतीत ते यथार्थ आहे. तथापि हे भारतीयीकरण पांढरपेशा घराच्या उंबरठ्यापर्यंतच आले होते, याची जाणीव खुद्द ताराबाईंना होती. वयाची पन्नाशी उलटल्यावर, स्थिरावलेली संस्था मागे ठेवून त्या खेड्यात गेल्या. बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले ते १९४५ च्या अखेरीस. बालविधवा म्हणून आयुष्याची सुरुवात झालेल्या, स्वतःच्या जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढील जवळजवळ अर्धशतक त्या त्याच परिसरात राहिल्या.

ते वर्षही सामान्य नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नई तालीमची व्याप्ती सात ते चौदा या वयोगटापलीकडे वाढवून जन्मापासूनच्या शिक्षणाचा विचार झाला आणि 'पूर्व-बुनियादी' हा शब्द रूढ झाला. त्याआधीच्या वर्षी सार्जंट अहवालाने देशासाठी दहा लाख शिशुशाळा-जागांची शिफारस केली होती. योजना अशा रीतीने दिल्लीत व सेवाग्रामात आखल्या जात होत्या. बोर्डीत मात्र पहिलाच प्रश्न निराळा निघाला : बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी उघडली ती मुलेच आली नाहीत.

अंगण

गावातील दलित वस्तीची व पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. अस्पृश्यतेची रेषा होती, अंगावर धड कपडा नव्हता, आईबाप पहाटेच मजुरीला जात आणि शाळेत पोहोचविणारे घरी कोणी उरत नसे. यावर ताराबाईंनी काढलेला मार्ग सर्वश्रुत आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. केंद्रातील बालवाडी चालू ठेवून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी.

हे अंगण म्हणजे 'मोकळी जागा' नव्हे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. आपल्याकडील अंगण हे घराचेच एक दालन असते. तेथे धान्य वाळते, भांडी घासली जातात, म्हातारी माणसे बसतात, कोंबड्या फिरतात, बाळंतिणीला ऊन मिळते. अशा जागी वर्ग भरला की मुलाची आई, आजी, शेजारीण या आपोआप त्या वर्गाच्या साक्षीदार होतात. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, खरूज धुणे ही कामे शिक्षिकेने अंगणात केली की ती साऱ्या वस्तीसमोर होतात. अस्पृश्य मानलेल्या मुलाला शिक्षिकेने सर्वांदेखत हात लावणे हा त्या काळी स्वतःच एक पाठ होता, आणि तो मुलांपेक्षा मोठ्यांसाठी होता. बंद खोलीत हे घडले असते तर त्याचा अर्थ निम्मा उरला असता.

साधनांचा प्रश्नही येथेच सुटला. मॉन्तेसरी साधनांची पेटी विकत घेणे शक्य नव्हते आणि आणली असती तरी ती त्या अंगणात परकी वाटली असती. समुद्रकाठच्या बोर्डीत शिंपल्यांना तोटा नव्हता. गोटे, पाने, बिया, शेंगा, काड्या, माती ही सामग्री पायाखालीच पडलेली होती. लहानमोठ्या गोट्यांची चढती रांग लावताना मूल तेच करीत असते जे गुलाबी मनोरा रचताना शहरातील मूल करते. फरक इतकाच की, मनोऱ्याचे दहा ठोकळे ठरलेल्या मापाचे असतात आणि चूक झाली की साधनच ती दाखवून देते. गोट्यांना अशी शिस्त नसते. दोन गोटे जवळजवळ सारखे निघतात, एक उंच पण अरुंद असतो, आणि 'मोठा कोणता?' या प्रश्नावर मुलांना आपसांत वाद घालावा लागतो. काटेकोर मॉन्तेसरीवाद्यांना हे रुचण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र अंगणातील साधनांचे खरे सामर्थ्य या अनियमिततेतच होते. मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे हे ठरवावे लागते, हा गणिताचा पहिला धडा ठोकळ्यांपेक्षा गोट्यांतून अधिक चांगला मिळतो.

कुरण

१९५७ मध्ये हे कार्य बोर्डीहून काही मैल आत, कोसबाडच्या टेकडीवर आले. येथील वस्ती प्रामुख्याने वारली. येथेच कुरणशाळेची कल्पना साकार झाली आणि येथेच निसर्ग व शिक्षण यांच्या नात्याचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला.

थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी खेड्यांतील शेतकरी वर्ग शाळेपासून दूर का राहतो याची कारणे दिली होती. पराकोटीचे दारिद्र्य आणि गुरे राखण्यास व शेत सांभाळण्यास मुलांची गरज, ही ती कारणे. त्यावर उपाय म्हणून शाळांची संख्या वाढविण्याबरोबर शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत असे त्यांनी सुचविले. म्हणजे 'गुरे राखणारे मूल' हा प्रश्न १९५७ मध्ये नवा नव्हता. पाऊण शतक तो शिक्षण खात्याच्या दप्तरात पडून होता.

ठाणे जिल्ह्यातील कुरणालाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो निसर्गरम्य नाही. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली, चराई व लाकूडफाटा हे गुन्हे ठरले. ठाणे-कुलाब्यातील असंतोष इतका वाढला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. गवत हा या पट्ट्यातील मोठा व्यापार होता. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत येथून जाई आणि ते कापणारे हात वारल्यांचे असत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध जो लढा उभारला, त्यात पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी ही एक प्रमुख मागणी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच वारली ठार झाले. याच उंबरगाव-डहाणू पट्ट्यात, अवघ्या काही आठवड्यांनंतर, बोर्डीचे केंद्र सुरू झाले. मराठी वाङ्मयात या दोन घटनांची नोंद दोन स्वतंत्र कप्प्यांत होते, एक चळवळींच्या इतिहासात आणि दुसरी बालशिक्षणाच्या. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कुरणशाळेचा अर्थ लागत नाही, असे वाटते.

कुरणशाळेची रीत साधी होती. मुले गुरे घेऊन जेथे जात तेथे शिक्षक त्यांच्यासमवेत जाई, गुरे चरत असता वर्ग भरे आणि गुरे हलली की वर्गही हले. घंटा, हजेरीची ठरावीक वेळ, बाक, फळा यांपैकी काहीही शाळेचे आवश्यक अंग नाही हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले. शिकविण्याचे विषय समोरच होते. परंतु या वर्गाची विशेषता आणखी एका गोष्टीत होती. येथे निसर्गाविषयी शिक्षकापेक्षा विद्यार्थ्याला अधिक कळत होते. कोणते गवत गुरांना मानवते, कोणत्या झाडाचा पाला जखमेवर लावावा, कोणत्या वारुळाजवळ जाऊ नये, ढग कोणत्या बाजूने आले म्हणजे गुरे परत वळवावीत, हे ज्याला ठाऊक नाही तो गुराखी टिकतच नाही. डेप्टफर्डच्या मुलाला झाड दाखवावे लागत होते. कोसबाडच्या मुलाला झाड नव्हे, अक्षर दाखवावयाचे होते, आणि तेही असे की त्याच्या ठायी असलेले ज्ञान कमअस्सल ठरू नये.

विकासवाडी या नावाने कोसबाड येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या, त्यामागेही हाच विचार होता. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. भावंड पाळणाघरात ठेवले की तिचे हात मोकळे होत. शैक्षणिक नियोजनात 'गळती' या एका शब्दात जे कोंबले जाते, त्याचे हे पृथक्करण मुलाच्या दिनक्रमाकडे पाहून केलेले होते.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे. गुरे राखणाऱ्या मुलाकडे शाळा नेणे म्हणजे बालमजुरी मान्य करणे नव्हे काय? गुरे मालकाची असतील तर कुरणशाळेचा खरा लाभ मालकालाच नाही काय? हा आक्षेप पोकळ नाही. कुरणशाळेने कुरणाच्या मालकीला हात घातला नाही. ते काम परुळेकरांच्या चळवळीने केले आणि त्याची किंमतही मोजली. ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या, कायद्याचे माध्यम त्यांना अपरिचित नव्हते. तरीही त्यांचा भर कायद्यावर नव्हे तर उद्या सकाळच्या वर्गावर राहिला. मजुरीची व्यवस्था बदलेपर्यंत एक पिढी निरक्षर जाईल, ती जाऊ द्यावयाची का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर 'नाही' असे देताना व्यवस्थेशी काही तडजोड झाली हे मान्य करावे लागते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. गौरवग्रंथांच्या भाषेने त्यानंतर ही तडजोड जवळजवळ अदृश्य केली, हे अभ्यासाच्या दृष्टीने हितावह नाही.

नावाचा पुढील प्रवास

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला 'अंगणवाडी' हे नाव दिले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तीतून दिल्या जाव्यात अशी योजना होती. कुपोषणाच्या संदर्भात या योजनेचे मोल वादातीत आहे. परंतु नाव घेताना अंगण मागे राहिले. अंगणवाडी म्हणजे खोली, भाड्याची वा पक्की, तीत धान्याची पोती, वजनकाटा आणि नोंदवह्या, असे तिचे रूप स्थिरावले. सेविकेचा बराचसा वेळ नोंदी भरण्यात जातो. वस्तीच्या डोळ्यांदेखत चालणारा वर्ग ही मूळ कल्पना शासकीय नियमांत कोठेच उरली नाही.

कुरणशाळेच्या बाबतीत तर नावही उरले नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार कायद्याने शाळेसाठी जे निकष घातले त्यांत सर्व ऋतूंत उपयोगी पडेल अशी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि कुंपण यांचा समावेश आहे. गरिबांना दुय्यम दर्जाची शाळा मिळू नये हा त्यामागील हेतू रास्त आहे. मात्र या निकषांनुसार कुरणशाळा ही शाळाच ठरत नाही.

तिचा वारसा शोधावयाचा झाल्यास तो शहरी शाळांच्या नैसर्गिक क्रीडांगणांत सापडत नाही. तो सापडतो वीटभट्टीवर. १९९० च्या दशकाच्या मध्यास ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची झोपडी. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात निघालेल्या साखरशाळा हे त्याच जातीचे दुसरे उदाहरण. भट्टीच्या धुरात झाड नाही, पाखरू नाही, निसर्गशिक्षणाच्या कोणत्याही व्याख्येत ती जागा बसत नाही. तरी कुरणशाळेशी तिचे नाते थेट आहे, कारण मूल जेथे कामामुळे अडकले आहे तेथे वर्ग भरविणे हे दोहोंचे सूत्र आहे. पुढे हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहांचा मार्ग स्वीकारला. आईबाप भट्टीवर वा फडात जातात, शाळकरी मूल आपल्या गावात, आपल्या शाळेत राहते. औपचारिक शिक्षणाच्या दृष्टीने हा उपाय अधिक सयुक्तिक आहे. परंतु तो शाळकरी वयाच्या मुलांपुरता आहे. सहा वर्षांखालील मूल मागे ठेवता येत नाही. ते आईच्या पाठोपाठ भट्टीवर जाते, आणि त्याचे नाव ज्या अंगणवाडीच्या पटावर असते ती गावात राहते.